गुरूंची चूक

फळ्यावर फुप्फुसाचे चित्र काढून मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "फुप्फुसे हवेतला प्राणवायू रक्तात ओढून घेतात." मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. "गुरुजी, ओढतात म्हणजे कशानं?" मी त्याला खाली बसवले. खरे कारण एवढेच, की मला उत्तर येत नव्हते.

रात्री पुस्तके चाळली तेव्हा कळले, की हाच वाद एकदा डेन्मार्कात, कोपनहेगनला रंगला होता. अणुशास्त्रज्ञ नील्स बोर यांचे वडील, प्राध्यापक क्रिस्टियन बोर, यांचे मत माझ्यासारखेच होते. ग्रंथी रस स्रवते तसे फुप्फुस स्वतःच्या शक्तीने प्राणवायू रक्तात लोटते, असे ते मानीत. ऑगस्ट क्रोग हा त्यांचा शिष्य व साहाय्यक. त्याने आणि त्याची डॉक्टर पत्नी मारी हिने रक्ताशी हवेचा इवलासा बुडबुडा भिडवून वायूंचे दाब मोजले. रक्तातला प्राणवायूचा दाब फुप्फुसातल्या दाबाहून अधिक कधी भरेना!

म्हणजे लोटणारे कोणी नाही. छाती फुगवून हवा आत घेणे एवढेच स्नायूंचे काम. वायुकोशांत प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर, येणाऱ्या रक्तात ४०; उताराने पाणी जावे तसा तो रक्तात उतरतो. कर्बद्विप्राणिल वायू ४६ वरून ४० कडे, उलट वाटेने, बाहेर पडतो. मधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ. आणि सारे वायुकोश उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर भरतील. मग वेगळी शक्ती हवी कशाला?

१९१० साली क्रोगने हे प्रसिद्ध केले. मात्र गुरूंच्या मताला विरोध करण्यापूर्वी त्यांचे ऋण आरंभीच मान्य केले. पुढच्याच वर्षी बोर वारले. इंग्लंडातले हॉल्डेन मात्र १९३६ साली मृत्यू येईपर्यंत जुन्या मताला धरून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोराला उभे केले आणि वर्गासमोर म्हणालो, "काल मी चुकीचं सांगितलं."

सारे ऐकून तो म्हणाला, "मग गुरुजी, आपण काहीच करायचं नाही?"

"करायचं ना! श्वासानं हवा बदलत ठेवायची, हृदयानं रक्त वाहतं ठेवायचं. दोन्ही थांबली, की उतारच उरत नाही."

या वेळी खाली बस, असे त्याला सांगावे लागले नाही.