शौरीतला लहरी तारा

मंडळी, आज जरा आकाशात जाऊ या. घाबरू नका, गणित नाही. मी जन्मभर मराठी शिकवलेला माणूस. पण एका ताऱ्याची हकीकत वाचनात आली, ती इतिहास म्हणून सांगण्याजोगी वाटली.

जर्मनीत हायडेलबर्गला माक्स वोल्फ यांनी १९२३ साली शौरी तारकासमूहातल्या एका अंधुक ताऱ्याचे तेज कमीजास्त होते, असे नोंदवले. एएम हर्क्युलिस असे नाव मिळून तो रूपविकारी ताऱ्यांच्या यादीत जाऊन बसला. पुढची पन्नास वर्षे त्याची फारशी विचारपूस झाली नाही.

१९७० साली केनियाच्या किनाऱ्यावरून 'उहुरू' हा क्ष-किरण उपग्रह उडाला. त्याच्या यादीतला एक स्रोत म्हणजे हाच तारा असावा, असे १९७६ च्या सुमारास ध्यानात आले. त्याच वर्षी अ‍ॅरिझोनात सांतियागो टापिया यांनी त्याचा प्रकाश तपासला. तो ताऱ्यांच्या मानाने फारच ध्रुवित निघाला. म्हणजे तिथे जबरदस्त चुंबकत्व असणार!

उलगडा असा, की हे दोन तारे आहेत. एक श्वेत बटू, दुसरा लहानसा तांबडा. ३ तास ६ मिनिटांत त्यांची एकमेकांभोवती फेरी होते. तांबड्याचा वायू बटूकडे ओढला जातो. बहुतेक अशा जोड्यांत हा वायू बटूभोवती तबकडीसारखा फिरत हळूहळू आत उतरतो. इथे चुंबकीय क्षेत्र तबकडी होऊच देत नाही. पाटातल्या पाण्यासारखा वायू बलरेषांवरून थेट चुंबकीय ध्रुवापाशी कोसळतो आणि कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो. क्ष-किरण येतात ते तिथून.

तबकडी नाही म्हणजे साठवण नाही. तांबड्याकडचा पुरवठा आटला की तेज लगेच उतरते. ताऱ्याच्या लहरीपणाचे मोठे कारण हेच.

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जेमतेम अर्धा गॉस. टापियांचा या बटूबद्दलचा पहिला अंदाज होता २० कोटी गॉस! पुढे १९८० मध्ये तारा मंदावला. कोसळणाऱ्या वायूचा झगमगाट ओसरला आणि त्याआड दडलेल्या बटूचा स्वतःचा प्रकाश दिसू लागला. त्याच्या वर्णपटावरून क्षेत्र थेट मोजता आले. ते भरले दीड कोटीच्या आतबाहेर.

ऐन भरात असताना जे कळले नाही, ते तो मंदावल्यावर कळले. आम्हा सत्तरी ओलांडलेल्यांना हे वाचून जरा बरे वाटते.

असो. अशा ताऱ्यांना आता 'पोलर' म्हणतात.