इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, मोटारगाडीतील

इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, मोटारगाडीतील : मोटारगाडीच्या एंजिनाला प्रत्येक क्षणी किती इंधन द्यावयाचे व ते केव्हा पेटवावयाचे, हे निरनिराळ्या संवेदकांकडून येणाऱ्या संकेतांवरून ठरविणाऱ्या व सूक्ष्मप्रक्रियकावर आधारलेल्या बंदिस्त साधनास इलेक्ट्रॉनिक नियंत्रक म्हणतात. गॅरेजमध्ये तो ‘ईसीएम’ किंवा ‘ईसीयू’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. या साधनाचा इतिहास आणि त्यातील दोष शोधण्याची व ते बदलण्याची रीत यांचा विचार येथे मुख्यतः नाशिक रोडसारख्या गावातील प्रवासी व्हॅन डोळ्यांपुढे ठेवून केला आहे.

नाशिक रोडचे रेल्वे स्थानक मूळ नाशिक शहरापासून सु. ८ किमी. दूर आहे. या अंतरामुळे स्थानकावर उतरलेल्या यात्रेकरूंना शहरात, पंचवटीला व त्र्यंबकेश्वरला पोहोचविणे हा येथील जुना व्यवसाय होय. टांगे, काही काळ चाललेली ट्रामगाडी, एस. टी. बस, रिक्षा व मोटारगाड्या अशी त्याची वाटचाल झाली. १९८४ मध्ये बाजारात आलेल्या मारुती व्हॅनला (पुढे ‘ओम्नी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या) अशा वाहतुकीत, शाळेच्या मुलांच्या ने-आणीत व रुग्णवाहिका म्हणूनही मोठे स्थान मिळाले. पुढच्या आसनांखाली बसविलेले तिचे ७९६ घ. सेंमी. चे तीन सिलिंडरी एंजिन प्रारंभी कार्ब्युरेटरवर चाले. त्या काळच्या दोषशोधनास डोळे, कान व हात पुरेसे असत. जेटमध्ये कचरा अडकला, पॉइंट जळाले किंवा ठिणगी गुडदीवर काजळी धरली, तर कारण प्रत्यक्ष दिसे व बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेलाच दूर करता येई. नियंत्रकाच्या बाबतीत तसे नाही. पेटी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतील बिघाड केवळ मापनावरून व तर्काने ताडावा लागतो.

इंधनाचे इलेक्ट्रॉनिक नियमन करण्याचा पहिला व्यापारी प्रयत्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. बेंडिक्स कंपनीची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ पद्धती १९५७-५८ मध्ये मोजक्या गाड्यांवर बसविण्यात आली. परंतु त्या काळचे इलेक्ट्रॉनिक घटक एंजिनाजवळची उष्णता व दमटपणा सहन करू शकले नाहीत आणि त्यांतील बऱ्याच गाड्यांना पुन्हा कार्ब्युरेटर बसवावे लागले. नियंत्रक बदलण्याचा इतिहास असा त्याच्या जन्माबरोबरच सुरू होतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. याच कल्पनेच्या आधारे जर्मनीतील बॉश कंपनीने १९६७ मध्ये ‘डी-जेट्रॉनिक’ ही पद्धती फोक्सवॅगन गाडीसाठी आणली. १९७६ मध्ये व्होल्व्हो गाड्यांत निष्कास वायूंतील ऑक्सिजन मोजणारा संवेदक आला व १९७९ मध्ये ‘मोट्रॉनिक’ पद्धतीने इंधन व ठिणगी या दोहोंचे नियमन एकाच अंकीय नियंत्रकाकडे सोपविले. या प्रगतीमागे एंजिनाची शक्ती वाढविण्यापेक्षा हवेच्या प्रदूषणाविषयीचे कायदे हे अधिक प्रबळ कारण होते. ऑक्सिजन संवेदकाशिवाय उत्प्रेरकी परिवर्तक नीट काम करीत नाही आणि नियंत्रकाशिवाय संवेदकाचा उपयोग होत नाही.

स्वतःतील दोष स्वतःच नोंदविण्याची क्षमताही कायद्यामुळेच सर्वत्र आली. १९८१ मध्ये जनरल मोटर्सच्या गाड्यांत दिव्याच्या उघडझापीवरून दोषांक वाचता येऊ लागले. कॅलिफोर्निया राज्याने १९८८ पासून अशी सोय आवश्यक ठरविली व १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना सोळा टाचण्यांची प्रमाणित जोडणी सक्तीची झाली. तेव्हापासून एकच वाचक यंत्र (स्कॅनर) अनेक कंपन्यांच्या गाड्यांना लावता येऊ लागले.

भारतात हा बदल उत्सर्जन मर्यादांच्या टप्प्यांनी झाला. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरकी परिवर्तक आवश्यक करण्यात आला, तर २००० मध्ये शिसेविरहित पेट्रोल देशभर मिळू लागले व त्याच वर्षी पहिला राष्ट्रीय टप्पा लागू झाला. २००५ मध्ये ‘भारत टप्पा ३’ ज्या अकरा शहरांत प्रथम आला, त्यांत महाराष्ट्रातील मुंबई व पुणे ही होती. नाशिकला तो २०१० मध्ये उर्वरित देशाबरोबर लागू झाला. दोषांक नोंदविणारी व्यवस्था मोटारींना २०१० पासून व तिची अधिक विस्तृत आवृत्ती २०१३ पासून आवश्यक झाली. ‘भारत टप्पा ६’ १ एप्रिल २०२० पासून अंमलात आला. मारुती व्हॅनलाही २००० नंतरच्या काळात इंधन-अंतःक्षेपण व त्याबरोबर नियंत्रक मिळाला. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, तरी रस्त्यावरील गाड्यांमुळे तिच्या दुरुस्तीचा प्रश्न संपलेला नाही.

नाशिकचा या विषयाशी संबंध केवळ वापरापुरता नाही. सातपूर येथे ‘मायको’ (२००८ पासून बॉश लिमिटेड) या कंपनीच्या कारखान्यात १९७० च्या सुमारापासून डिझेल एंजिनांचे नोझल तयार होत आले. जुन्या यांत्रिक पंपाचे नोझल ठराविक दाबाला आपोआप उघडे. ते केव्हा उघडावे हे इलेक्ट्रॉनिक संकेताने ठरत नसे. पुढे याच कारखान्यात सामाईक-नळी पद्धतीचे अंतःक्षेपक बनू लागले आणि हे अंतःक्षेपक नियंत्रकाने धाडलेल्या विद्युत् स्पंदाशिवाय उघडतच नाहीत. नाशिकलाच तयार होणाऱ्या महिंद्र कंपनीच्या स्कॉर्पिओ (२००२) या वाहनात काही वर्षांतच सामाईक-नळी एंजिन आले. पंप खोलून त्याचे ‘कॅलिब्रेशन’ करणाऱ्या कसबी कारागिरांच्या कौशल्यापैकी बराच भाग या एका बदलाने निरुपयोगी ठरला.

दोषशोधन : गाडी बंद पडली, स्कॅनरवर दोषांक उमटला, की नियंत्रकच नादुरुस्त आहे असा निष्कर्ष काढण्याची प्रवृत्ती आढळते. ती चुकीची आहे. दोषांक बिघडलेला भाग दाखवीत नाही. ज्या मंडलातील मोजमाप अपेक्षेबाहेर गेले, ते मंडल दाखवितो. नियंत्रक हा तुलनेने टिकाऊ असून बिघाड बहुधा तारा, जोडण्या, भूयोजन (अर्थिंग), रिले किंवा एखादा संवेदक यांत असतो. पावसाळ्यात जोडणीत शिरलेले पाणी, टाचण्यांवर चढलेला हिरवट गंज व उंदरांनी कुरतडलेल्या तारा ही नेहमीची कारणे होत. बाहेरून बसविलेल्या गॅस-किटकडे विशेष लक्ष द्यावे लागते. व्हॅनला एलपीजी वा सीएनजी किट लावताना अंतःक्षेपकांच्या तारा कापून त्यांत वेगळे मंडल जोडतात. तो सांधा केवळ पिळून व चिकटपट्टी गुंडाळून केलेला असेल, तर काही महिन्यांनी तो सैल होतो आणि दोष नियंत्रकाच्या माथी येतो.

तपासणीचा क्रम साधा आहे. चावी फिरविल्यावर एंजिनाचा ‘चेक’ दिवा लागला पाहिजे. तो लागत नसेल व स्कॅनरशी संपर्कही होत नसेल, तर प्रथम नियंत्रकाला वीज पोहोचते की नाही हे पाहावे : फ्यूज, मुख्य रिले व टाचणीवरील बॅटरीचा दाब. त्यानंतर भूयोजन. येथे केवळ रोध मोजून भागत नाही, कारण तारेची एखादीच पीळ शाबूत असली तरी मापकाला ती ठीक भासते. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक व नियंत्रकाची भूयोजन टाचणी यांमधील दाब मोजला, तर तो व्होल्टच्या दशांश भागाच्या आसपास असावा. तो बराच जास्त आढळल्यास दोष तारेत वा बोल्टखालच्या गंजात आहे. बऱ्याच संवेदकांना नियंत्रक स्वतः ५ व्होल्टचा स्थिर दाब पुरवितो. त्यांपैकी एक संवेदक शॉर्ट झाला, की हा दाब सर्वत्र कोसळतो, एकदम अनेक दोषांक उमटतात आणि नियंत्रक मृत झाल्याचा आभास होतो. अशा वेळी संवेदकांच्या जोडण्या एकेक करून सोडवीत जावे. ज्या क्षणी ५ व्होल्ट परत येतात, त्या क्षणी अपराधी सापडतो. या पाच मिनिटांच्या परीक्षेने एखाद्या व्हॅनमालकाची कित्येक दिवसांची कमाई वाचू शकते. एंजिन तापल्यावर बंद पडणे व निवल्यावर पुन्हा सुरू होणे, हेही बरेचदा भुजादंडाच्या संवेदकाचे लक्षण असते. जुन्या मेकॅनिकांचा आवडता टेस्ट-लॅम्प मात्र येथे वापरू नये. त्यातून वाहणारा प्रवाह नियंत्रकातील नाजूक ट्रान्झिस्टरांना झेपत नाही. त्याऐवजी उच्च रोधाचा अंकीय मापक (मल्टीमीटर) घ्यावा.

वीज, भूयोजन व संवेदकांचे संकेत योग्य असूनही अंतःक्षेपकाला किंवा ठिणगीच्या गुंडाळीला आज्ञा जात नसेल, तरच नियंत्रक दोषी मानावा. तोही सहसा आपोआप बिघडत नाही. शॉर्ट झालेली गुंडाळी, बॅटरीची उलटी जोडणी आणि गाडीच्या सांगाड्याला वेल्डिंग करताना बॅटरी व नियंत्रक न सोडविणे ही त्याच्या नाशाची ओळखीची कारणे आहेत. मूळ कारण शोधले नाही, तर नवा नियंत्रकही जळतो.

बदल : बॅटरीची जोडणी सोडवून जुना नियंत्रक काढणे व त्या जागी तोच भाग-क्रमांक असलेला नवा बसविणे, हे काम अर्ध्या तासाचे आहे. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. चोरीप्रतिबंधक व्यवस्था असलेल्या गाडीत चावीतील सांकेतिक खूण नियंत्रकाने ओळखली नाही, तर एंजिन सुरू होत नाही. म्हणून नव्या नियंत्रकाची चावीशी ओळख करून द्यावी लागते. सामाईक-नळी एंजिनात प्रत्येक अंतःक्षेपकावर छापलेला अंशशोधन संकेतांकही नियंत्रकात भरणे जरूर असते. एरवी एंजिन खडखडते व धूर सोडते. ही कामे उत्पादकाच्या संगणकीय प्रणालीवाचून होत नाहीत आणि ती प्रणाली दीर्घकाळ अधिकृत सेवा केंद्रांपुरती मर्यादित राहिली. परिणामी भंगारातील गाडीचा नियंत्रक घेऊन जुन्याच्या स्मृतीची नक्कल त्यात उतरविण्याची विद्या बाजारात उदयास आली. हे काम कौशल्याचे आहे, परंतु चोरीच्या गाड्यांना व प्रदूषण-नियंत्रण निकामी करण्यासही तेच उपयोगी पडते, हा उत्पादकांचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही.

तथापि या आक्षेपाने स्वतंत्र गॅरेजांना साधनेच न देण्याचे समर्थन होत नाही, अशी भूमिका भारतीय स्पर्धा आयोगाने घेतली. सुटे भाग, तांत्रिक माहिती व दोषशोधनाची साधने खुल्या बाजारात उपलब्ध न केल्याबद्दल आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार उत्पादकांना एकूण सु. २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला व ही साधने स्वतंत्र दुरुस्तीकारांना उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. या निर्णयाविरुद्ध काही कंपन्या अपिलात गेल्या. अमेरिकेतील मॅसॅच्यूसेट्स राज्याने मोटारींच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा २०१२ मध्येच केला होता. भारतात केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा ठरविण्यासाठी समिती नेमली. तिच्यापुढील विषयांत शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी व घरगुती उपकरणांबरोबर मोटारगाड्यांचाही समावेश करण्यात आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये उत्पादकांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र मिळावी म्हणून एक संकेतस्थळ सुरू करण्यात आले.