पाणी तापवण्याच्या साधनांपासून लागणाऱ्या घरगुती आगी

पाणी तापवण्याच्या साधनांपासून लागणाऱ्या घरगुती आगी म्हणजे चूल, बंब, शेगडी, विजेचा रॉड किंवा गिझर वापरताना झालेल्या हयगयीमुळे राहत्या घरात लागणाऱ्या आगी होत. अतिथंड देशांत अशा आगी मुख्यतः खोली उबदार ठेवणाऱ्या उपकरणांमुळे लागतात. मराठवाड्यात खोली तापवण्याची प्रथा फारशी नाही. त्यामुळे येथे धोका प्रामुख्याने आंघोळीच्या पाण्याशी जोडलेला आहे.

पार्श्वभूमी

लातूर तालुक्यातील मुरुड व परिसरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी चांगलीच जाणवते. खेड्यांत तुराट्या, पऱ्हाट्या व गोवऱ्या हे सहज मिळणारे जळण आहे. हेच जळण आणि जनावरांचा कडबा अनेकदा घराला लागून रचलेला असतो. पाणी तापवण्याच्या तांब्या-पितळेच्या भांड्याला आणि आग विझवणाऱ्या गाडीला मराठीत 'बंब' हा एकच शब्द आहे.

कारणे

बंबाच्या मधल्या नळीत जळण पेटते व निखारे खालच्या जाळीतून गळतात. ते विझल्यासारखे दिसले, तरी राखेखाली कित्येक तास धुमसत राहतात. अशी राख उकिरड्यावर टाकल्यास वाऱ्याने ठिणगी कडब्याच्या गंजीपर्यंत पोहोचू शकते.

विजेच्या रॉडची उष्णता सभोवतालचे पाणी शोषून घेते. पाणी खुणेखाली गेले, की उघडा पडलेला भाग अतिशय तापतो आणि प्लॅस्टिकची बादली वितळून पेटू शकते. भारनियमनात हा धोका वाढतो. वीज गेल्यावर बटन बंद न करता रॉड बाजेवर किंवा कपड्यांवर ठेवला जातो आणि वीज परतताच तो तापू लागतो.

२,००० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. ६ अँपिअरच्या साध्या प्लगला हा भार पेलत नाही. वायरमधील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने सैल जोड व जुनी वायर आधी जळते.

प्रतिबंध

* बंब व चूल गंजी, जळणाचा साठा आणि वाळत घातलेले कपडे यांपासून दूर असावी.
* राखेवर पाणी शिंपडून ती पूर्ण थंड झाल्यावरच टाकावी.
* ओले जळण पेटवण्यासाठी रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नये.
* रॉड आयएसआय चिन्हाचा असावा व १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या प्लगवरच लावावा.
* रॉड पाण्यात बुडवल्यानंतर बटन सुरू करावे. पाण्याला हात लावण्यापूर्वी बटन बंद करून प्लग काढावा.
* लहान मुलांना तापत्या पाण्याजवळ एकटे सोडू नये.
* बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच मृत्यू ओढवू शकतो.

आग लागल्यास

प्रथम माणसांना बाहेर काढावे. विजेची आग असल्यास मुख्य स्विच बंद करावा; प्रवाह सुरू असताना पाणी मारू नये. अग्निशमन दलासाठी १०१ किंवा ११२ हा क्रमांक आहे. भाजलेल्या भागावर सुमारे २० मिनिटे साधे थंड पाणी सोडावे. टूथपेस्ट, तेल किंवा शाई लावू नये.

जनजागृती

मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटातील हुतात्मा अग्निशामकांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. तो उन्हाळ्यात येतो. पाणी तापवण्याचा हंगाम मात्र दिवाळीच्या अभ्यंगस्नानापासून सुरू होतो. त्यामुळे बंब, रॉड व वायर यांची तपासणी दिवाळीच्या साफसफाईतच करणे सोयीचे ठरते.