बेळवडीचा वेढा आणि अकरावीचा इतिहास

महाराष्ट्रातील अकरावी-बारावी आणि कर्नाटकातील पदवीपूर्व अर्थात पीयूसीची दोन वर्षे हा शालेय व विद्यापीठीय शिक्षणामधला उंबरठा होय. येथे इतिहास हा ऐच्छिक विषय असतो. म्हणजे तो घेणारा विद्यार्थी स्वेच्छेने घेतो. तरीही त्याच्याकडून आपण बहुधा सनावळीचीच अपेक्षा ठेवतो. इंग्लंडमध्ये याच वयाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या ‘ए लेव्हल’ परीक्षेत मूळ साधनांची चिकित्सा हा इतिहासाचा आवश्यक भाग आहे. सीमाभागातील मराठी विद्यार्थ्याला अशा अभ्यासासाठी दूर जाण्याचे कारण नाही. हुबळी-धारवाडच्या परिसरातच त्याची सामग्री पडलेली आहे.

दक्षिण दिग्विजयावरून परतताना, इ. स. १६७८ च्या आरंभी, शिवाजी महाराजांच्या सैन्याने बेळवडीच्या गढीला वेढा घातला. हे गाव आज बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगल परिसरात आहे. गढीच्या देसाईणीने असामान्य प्रतिकार केला. मराठी बखरींत ती ‘सावित्रीबाई’ या नावाने येते; कन्नड परंपरा तिला ‘बेळवडी मल्लम्मा’ म्हणते. धारवाड तालुक्यातील यादवाड येथे महाराजांचे मानले जाणारे एक पाषाणशिल्प आहे. ते मल्लम्मानेच कृतज्ञतेने घडविले, अशी स्थानिक श्रद्धा असून मल्लम्माच्या बाळाला मांडीवर घेऊन दूध पाजणारे महाराज, असा त्यातील एका दृश्याचा अर्थ लावला जातो. तिसरे साधन इंग्रजी आहे. राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी २८ फेब्रुवारी १६७८ च्या पत्रात लिहिले, की इतकी राज्ये जिंकणाऱ्या या पुरुषाला एक देसाईण नमविता येत नाही.

आता वकिलाच्या दृष्टीने या तीन साक्षीदारांची उलटतपासणी करू. इंग्रजांचे पत्र समकालीन आहे, ही त्याची जमेची बाजू. परंतु लिहिणारा वेढ्याच्या ठिकाणी नव्हता. ऐकीव वार्ता तो कळवीत होता आणि महाराजांविषयी त्याच्या मनात प्रेम असण्याचे कारण नव्हते. बखरकार आपल्या पक्षाचा. शिवाय बखरवाङ्मयातील आरंभीची मानली जाणारी सभासद बखरदेखील १६९७ ची, म्हणजे या प्रसंगानंतर १९ वर्षांनी लिहिलेली. शिल्प मूक आहे. त्याच्या तोंडी शब्द घालणारी परंपरा कोणत्या काळातील, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील ९० व्या कलमाने तीस वर्षांहून जुन्या दस्तऐवजाच्या सही-शिक्क्याविषयी अनुमान करण्याची मुभा न्यायालयास दिली होती. त्यातील मजकूर खरा आहे, असे अनुमान मात्र ते कलम करीत नव्हते. जुनेपणा आणि खरेपणा यांतील हा भेद सतराव्या वर्षी मनावर ठसला, तर तो माणूस जन्मभर सहजासहजी फसत नाही.

ही दृष्टी आपल्याला परकी नाही. ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला. पुढे त्याचे मराठी भाषांतर झाले आणि ते प्रमाणग्रंथ म्हणून वाचले जाऊ लागले. १८६७ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या पुण्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याने त्या ग्रंथावर साधार टीका केली. पुढील काळातील मराठी इतिहाससंशोधनाची ती नांदी ठरली. पुण्याचा हा वारसा धारवाडलाही पोहोचला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले, टिळकांच्या प्रभावाखाली आलेले आणि ‘गीतारहस्य’ कन्नडमध्ये नेणारे आलूर वेंकटराव धारवाडचे वकील होते. कर्नाटकाच्या गतवैभवावरील त्यांचा ग्रंथ १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कर्नाटक एकीकरणाच्या चळवळीस त्याने बळ दिले. ज्या अस्मितेशी आपला आज वाद आहे, तिच्या जडणघडणीत मराठी विद्येचाही वाटा आहे, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची सीमा आखली गेली; साधने मात्र त्या सीमेने विभागली गेली नाहीत. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने संविधानाच्या अनुच्छेद १३१ अन्वये २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. न्यायालयात घोषणा चालत नाहीत, पुरावा चालतो. चौकाचौकांतील वादात मात्र अलीकडचा मनुष्य बखर नाचवितो आणि पलीकडचा मल्लम्माचे नाव. दोघांनीही परस्परांचे साधन वाचलेले नसते.

ही तिन्ही साधने वाचू शकेल असा वाचक कोण? घरी मराठी, बाजारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी वापरणारा आपला सीमाभागातील विद्यार्थी. त्रिभाषिकत्व हे त्याच्यावरील ओझे आहे असे आपण समजतो. इतिहासाच्या वर्गात तेच त्याचे भांडवल आहे. मात्र मराठी शाळा ओस पडल्या तर बखर त्याला परकी होईल, आणि कन्नडविषयी मनात अढी धरली तर मल्लम्मा परकी होईल. मराठीच्या हक्कासाठी आपला आग्रह कायम राहील. त्या हक्काचा उपयोग आपली मुले कशासाठी करणार, याचाही विचार आताच व्हावा.

म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंच्या इतिहास-शिक्षकांना विनंती आहे, की या वर्षी एक दिवस पाठ्यपुस्तक मिटून ठेवावे. विद्यार्थ्यांना यादवाडला न्यावे, बखरीतील उतारा, कन्नड कथा आणि इंग्रजांचे पत्र त्यांच्या हाती द्यावे आणि विचारावे: यांतील कोणाचे किती मानाल, आणि का? उत्तरे वेगवेगळी येतील. प्रत्येक उत्तरामागे कारण असले, म्हणजे इतिहास शिकविला गेला असे समजावे.