पिवळ्या जर्सीची कुळकथा

बार्शीच्या बाजारात खेळाचे कपडे घ्यायला गेलं की हिरव्या कॉलरची, पाठीवर 10 नंबरची पिवळी जर्सी हमखास टांगलेली दिसते. घेणाऱ्या पोराला ब्राझील नकाशात सापडेलच असं नाही, पण जर्सी कुणाची हे त्याला सांगावं लागत नाही.

1950 साली ब्राझीलचा संघ पांढरी जर्सी घालायचा, कॉलर निळी. त्या वर्षी 16 जुलैला रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेनं त्यांना 2-1 असं हरवलं. हातातोंडाशी आलेला विश्वचषक गेला. हार इतकी जिव्हारी लागली की पांढऱ्या रंगावरच लोकांचा राग निघाला. 1953 मध्ये एका दैनिकानं नव्या पोशाखासाठी स्पर्धा लावली. अट अशी, की झेंड्यातले चारही रंग आले पाहिजेत.

जिंकला अल्दिर गार्सिया श्ली, वर्तमानपत्रात चित्रं काढणारा कोवळा पोरगा. चार रंगांचा मेळ काही बसेना. शंभरावर कागद रंगवून झाले, तेव्हा कुठे जमलं : अंगभर पिवळा, चड्डी निळी, मोजे पांढरे आणि हिरवा फक्त कॉलरला नि बाह्यांना, लुगड्याच्या काठासारखा. त्या काठानंच पिवळ्याला उठाव आला, असं मला वाटतं. हा श्ली उरुग्वेच्या सीमेवरच्या गावचा, आणि मनानं उरुग्वेच्याच संघाचा!

मार्च 1954 मध्ये पिवळी जर्सी मैदानात उतरली. पण पहिला विश्वचषक आला तो निळ्या जर्सीत. 1958 च्या अंतिम सामन्यात यजमान स्वीडनही पिवळाच, म्हणून ब्राझीलनं ऐनवेळी निळ्या जर्सी विकत आणल्या आणि पिवळ्यांवरची बोधचिन्हं उसवून त्यांच्यावर शिवली. पिवळ्याचं खरं भाग्य उजळलं 1970 मध्ये. मेक्सिकोतला तो विश्वचषक अनेक देशांत पहिल्यांदाच रंगीत टीव्हीवर दिसला. पेले आणि मंडळींनी इटलीला 4-1 नं लोळवलं, आणि तो रंग जगाच्या डोळ्यांत भरला.

आपल्याकडे दूरदर्शन 1982 मध्ये रंगीत झालं, 1986 चा विश्वचषक लोकांनी त्यावर पाहिला. कोल्हापूरला मात्र फुटबॉलचं वेड त्याच्या कितीतरी आधीचं. तिथं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचेच संघ, आणि संघाच्या जर्सीत अख्ख्या पेठेची इभ्रत. तीच पोरं वर्ल्ड कपच्या महिन्यात ब्राझीलची नाहीतर अर्जेंटिनाची होतात, चौकात झेंडे नि कटआउट लावतात, आणि तालमींच्या सामन्यांतली शाहू स्टेडियमवरची खुन्नस तितक्याच हिरिरीनं गल्लीत चालू राहते.