सावंतवाडीच्या खाड्या आणि नौकांची पावसाळी ठेव

कोकणच्या आरमारांचा इतिहास बहुधा लढायांच्या क्रमाने लिहिला जातो. परंतु दर्यावरील मोहिमा उघाडीच्या आठ महिन्यांतच होत. नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला म्हणजे दर्या बंद होई आणि नारळी पौर्णिमेस तो पुन्हा मोकळा झाला असे मानले जाई. मधल्या काळात गलबते, गुराबा व मचवे कोठे आणि कसे ठेवले जात, हा प्रश्न दुय्यम समजला गेला आहे. वस्तुतः आरमाराचे आयुष्य या ठेवीवरच अवलंबून होते आणि सावंतवाडी संस्थानाचा इतिहास याची साक्ष देतो.

नौका ठेवणे म्हणजे मुख्यतः ओलाव्याचा बंदोबस्त करणे होय. लाकडी नौकेस दोन्ही बाजूंनी भय असते. लाकूड अति ओले राहिले तर बुरशी धरून कुजते. अति सुकले तर फळ्या आकसतात, सांधे उघडतात आणि पाण्यात उतरताच नौका गळू लागते. खाऱ्या पाण्यात उभ्या असलेल्या नौकेस लाकूड पोखरणाऱ्या किड्याचा उपद्रव निराळाच. म्हणून लहान होडी भरतीच्या रेषेवर ओढून घेतात, अंगास माशाचे अथवा काजूच्या टरफलांचे तेल देतात आणि वर झावळ्यांच्या झापांचे छप्पर घालतात. झाप पाऊस अडवितो, पण वारा अडवीत नाही. लाकूड भिजतही नाही आणि कडकडीत सुकतही नाही. मोठी जहाजे मात्र ओढता येत नसल्याने खाडीत आत न्यावी लागत. पावसाळ्यात खाडीच्या वरच्या भागातील पाणी गोडे होते, आणि अशा पाण्यात तो किडा फार काळ तग धरीत नाही.

या व्यवहारास राजनीतीचे रूप रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात मिळाले. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील या ग्रंथात आरमाराच्या छावणीचा स्वतंत्र विचार आहे. दर्या खवळण्यापूर्वीच छावणी करावी, उघडा किनारा टाळून आडोशाची जागा पाहावी आणि सर्व आरमार एके ठिकाणी ठेवू नये, असा त्याचा आशय आहे. यातील शेवटच्या सूचनेचे मोल फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गास दिसून आले. तो प्रसंग पावसाळी छावणीचा नव्हता. तथापि तुळाजी आंग्रे यांची जहाजे किल्ल्याच्या आश्रयाने एकमेकांस बांधून उभी होती. इंग्रजांच्या माऱ्याने एका जहाजास लागलेली आग पसरली आणि बहुतेक आरमार भस्मसात झाले.

सावंतवाडी नगर समुद्रापासून आत आहे. संस्थानाचे दर्यावरील बळ तेरेखोलच्या खाडीत आणि रेडी, वेंगुर्ले या बंदरांत होते. सतराव्या शतकात सावंतांनी खाडीच्या मुखावर तेरेखोलचा किल्ला बांधला आणि त्याच्या आश्रयाने नौका ठेविल्या. १७४६ मध्ये हा किल्ला पोर्तुगीजांनी घेतला. एका दुर्गाची हानी एवढाच याचा अर्थ घेणे अपुरे ठरेल, कारण खाडीचे मुख परक्याच्या तोफेखाली गेले म्हणजे आतील ठेव सुरक्षित राहत नाही. पुढे १८१२ च्या तहाने वेंगुर्ले इंग्रजांकडे गेले आणि युद्धनौका स्वाधीन करण्याचे कलमही त्याच तहात आले. बंदर आणि नौका एकाच तहात जाव्यात, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

विसाव्या शतकात पोलादी जहाजांच्या ठेवीचे शास्त्र निराळ्या वाटेने गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने शेकडो युद्धनौका राखीव ठेविल्या. पोलादास ओलाव्याचा समतोल नको असतो. कोरडेपणा हवा असतो. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली म्हणजे गंज वेगाने वाढतो, आणि पृष्ठावर समुद्राचे क्षार असतील तर त्याहूनही कमी आर्द्रतेत तो सुरू होतो. म्हणून टाक्या व नळ रिकामे करून सुकवीत, यंत्रांस संरक्षक तेल देत आणि बाहेरची छिद्रे बंद करीत. मग सिलिका जेलसारख्या शोषक द्रव्यातून आतील हवा फिरवून तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राखीत. शोषक द्रव्य ओलाव्याने भरले म्हणजे तापवून पुन्हा कोरडे करता येते, त्यामुळे हे काम वर्षानुवर्षे चालते. १९४८ मध्ये सेवेतून काढलेली ‘न्यू जर्सी’ ही युद्धनौका कोरियाच्या युद्धामुळे नोव्हेंबर १९५० मध्ये पुन्हा सेवेत आली, ती या पद्धतीमुळेच फारशी न झिजता.

दोन्ही पद्धतींची सरळ तुलना करता येणार नाही. झापाखालील होडीस वारा लागतो, तर पोलादी जहाज हवाबंद करावे लागते. पहिलीची मुदत चार महिन्यांची, दुसरीची अनेक वर्षांची. पावसाळी कोकणात हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ८० टक्क्यांच्या वर राहते. तेथे पोलादी जहाजाची यंत्रे थोडा काळ बंद पडली तरी ठेव धोक्यात येते. पण एका गोष्टीत दोहोंचे साम्य आहे: ठेवलेली नौका स्वतःचे रक्षण करू शकत नाही. तिला निर्वेध जागा, राबणारी माणसे आणि अखंड खर्च लागतो. हे तिन्ही पुरविण्याची शक्ती ज्या सत्तेकडे राहिली नाही, तिचे आरमार युद्धाविनाही संपले. सावंतवाडीच्या आरमाराचा ऱ्हास अभ्यासताना म्हणूनच लढायांच्या नोंदींइतकेच महत्त्व खाड्यांच्या ताब्यास दिले पाहिजे. कोणती खाडी कोणत्या वर्षी कोणाच्या हाती होती, हे निश्चित केल्याखेरीज त्या आरमाराच्या बळाचे अनुमान पुरे होणार नाही.