गाठीची चोळी

गाठीची चोळी : छातीखाली पुढच्या बाजूला दोन टोकांची गाठ मारून घालायची, आखूड बाह्यांची आणि पाठ पूर्ण झाकणारी शिवलेली चोळी. महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात नऊवारी लुगड्याबरोबर ती पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. सोलापूर, विजापूर, कलबुर्गी, धाराशिव या पट्ट्यात वयस्क बायकांच्या अंगावर ती अजूनही दिसते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या कानडी घरांत तिला कुप्पस म्हणतात. ती बहुतेक वेळा खणाच्या कापडाची असते, म्हणून खणाची चोळी हेही नाव रूढ आहे.

या चोळीखाली दुसरे काही घालत नाहीत. अंग झाकणे, छातीला आधार देणे आणि चारचौघांत शोभून दिसणे ही तिन्ही कामे एकच कापड करते. वरचे वस्त्र आणि आतले वस्त्र ही विभागणी मराठी पेहरावात बऱ्याच उशिरा आली. त्यामुळे आज ज्याला अंतर्वस्त्र म्हणतात त्याचा आपल्याकडचा इतिहास लिहायला बसले की सुरुवात याच चोळीपासून करावी लागते.

शिवलेली चोळी या भागात फार जुनी आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत काही स्त्रिया, विशेषतः सेविका, बाह्यांच्या चोळ्या घातलेल्या दिसतात. त्याच चित्रांतल्या राण्या मात्र अनेकदा उघड्या छातीने, दागिन्यांनिशी बसलेल्या आहेत. म्हणजे त्या काळी चोळी घरंदाजपणाची खूण नव्हती. अमरकोशात चोल आणि कूर्पासक हे एकाच वस्त्राचे पर्याय म्हणून दिले आहेत. गुजरात-राजस्थानकडे पाठ उघडी ठेवून मागे बंद बांधायची पद्धत रुजली, तर मराठी आणि कानडी मुलखात पाठ झाकून पुढे गाठ मारायची. १८८४ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या सोलापूर खंडात एकामागून एक जातींचे वर्णन येते आणि त्यांत बायकांच्या पेहरावाची नोंद पुन्हा पुन्हा तीच आहे : मराठी लुगडे आणि चोळी. लुगड्याचा कासोटा घालतात की नाही यात जातीजातींत फरक पडतो, चोळीत फारसा पडत नाही.

चोळी बेतणे ही घरातली विद्या होती. पोरीला स्वयंपाकाबरोबर तीही शिकवीत. पाठीचा एक तुकडा, दोन बाह्या, छातीवरचे दोन तुकडे आणि बाही जिथे अंगाला मिळते तिथे काखेत एक लहान तुकडा, असा साधारण हिशेब. काखेतला तुकडा छोटा, पण सगळी सोय त्याच्यावर. तो नीट बसला तर हात डोक्यावर नेऊन घागर घेता येते आणि चोळी वर सरकत नाही. छातीवरचे तुकडे तिरपे कापतात आणि खालच्या कडेला बारीक चुण्या घालतात, त्यातून गोलाई येते. दोन्ही तुकड्यांची खालची टोके लांब सोडलेली असतात आणि तीच छातीखाली ओढून बांधायची. खणाचा काठ बाहीच्या कडेला यावा अशा बेताने कापड मांडतात, म्हणून दंडावर तो रुंद पट्टीसारखा घट्ट बसतो. बटण, हूक, इलॅस्टिक, तार यांतले काहीही नाही. सारा आधार तिरप्या कापडाच्या ताणातून आणि गाठीतून येतो.

आधुनिक शिवणकामाच्या नजरेने पाहिले तरी ही रचना हुशारीची आहे. माप ठरते ते घालणारीच्या हातात. दिवस गेले की गाठ सैल मारायची, बाळंतपणानंतर अंगावर पाजताना ती सोडायची, शेतात वाकून काम असेल तर आवळायची. अंग भरले किंवा उतरले म्हणून लगेच नवी चोळी शिवावी लागत नाही. अंगाचे बदलते माप कापडातच धरण्याची ही सोय पुढे आलेल्या कुठल्याही तयार कपड्याला साधलेली नाही.

या चोळीचे कापड सोलापूरच्या दक्षिणेला, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून येते. गुळेदगुड्डचा खण खड्ड्यातल्या हातमागावर विणतात. ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा. ताण्याचा रंग एक, बाण्याचा दुसरा, त्यामुळे कापड हलले की रंग पालटतो. जास्तीच्या उभ्या धाग्यांनी त्यावर बारीक नक्षी उठवतात : तुळस, रथ, हत्तीचे पाऊल, सूर्यनारायण. दोन्ही बाजूंना काठ. पन्हा अरुंद, साधारण तीस-एकतीस इंचांचा, आणि तो चोळीसाठीच ठरलेला. रेशमाची झळाळी बाहेरून दिसते आणि सुताचा बाणा घाम टिपतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या या मुलखात ही गोष्ट लहान नाही. या कापडाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

सोलापूर ही या मालाची जुनी पेठ. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६० साली सोलापूरला पोचली. १८८४ मध्ये सोलापूरजवळच्या होटगीपासून विजापूर, बागलकोटवरून गदगपर्यंत मार्ग झाला आणि गुळेदगुड्डचे खण व इरकलची लुगडी थेट रुळांवरून येऊ लागली. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत सोलापूर ते गदग हा टापू बहुतांशी मुंबई राज्यातच होता, त्यामुळे व्यापाराला सीमा अशी नव्हतीच. सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागावर लुगडी काढली, पुढे यंत्रमागावर चादरी आणि टॉवेल काढून गावाचे नाव देशभर नेले. खणाचे विणकाम मात्र गुळेदगुड्डकडेच राहिले आणि सोलापूर त्याचे गिऱ्हाईक व दलाल झाले. सोलापूरच्या चाटी गल्लीत लुगडे घेतले की त्याला मिळता खण तिथेच पाहायचा. इरकलच्या लाल टोपपदराला कुठला खण उठून दिसतो हे दुकानदाराला गिऱ्हाइकाआधी कळायचे.

खण नुसता अंगावर घालायचा नसतो. त्रिकोणी घडी घातलेला खण नारळाबरोबर ओटीत जातो. सोलापूरच्या रूपाभवानीला आणि तुळजापूरच्या भवानीला खण-नारळाने ओटी भरतात. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून हजारो माणसे पायी तुळजापूरला जातात, त्या वाटेवर ओटीचे सामान मांडलेली दुकाने लागतात. डोहाळजेवणाला हिरवी चोळी आणि लेकीच्या पाठवणीला साडीचोळी ही रीत आजही मोडलेली नाही. मराठेशाहीत राजघराण्यातल्या स्त्रियांना चोळीबांगडीसाठी गावाचे उत्पन्न लावून देत. छातीला लागून असणारे वस्त्र देवीला वाहायचे, लेकीला द्यायचे, सनदेत लिहायचे, यात कोणाला संकोच वाटला नाही.

याच वस्त्राची दुसरी बाजू कठोर आहे. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या घरांत नवरा गेला की केशवपन व्हायचे, अंगावर आलवण यायचे आणि चोळी काढून घेतली जायची. कोवळ्या वयात विधवा झालेली मुलगी उरलेले आयुष्य चोळीवाचून, लाल आलवण अंगाभोवती लपेटून काढायची. आधार, ऊब आणि आब एका झटक्यात जायची. गाठीच्या चोळीविषयी हळहळताना हे विसरता येत नाही : ती सगळ्यांची असली तरी सगळ्यांना आयुष्यभर मिळत नव्हती.

लावणीने चोळीला शृंगाराच्या भाषेत आणले. पेशवाईतला नामांकित शाहीर राम जोशी सोलापूरचा. १९४७ साली त्याच्यावर ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट निघाला आणि जुन्या फडाचा पेहराव पडद्यावर आला. त्याआधी चित्रकार एम. व्ही. धुरंधरांनी ऑटो रॉथफेल्डच्या १९२० मधल्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी रंगचित्रे काढली. त्यांच्या मराठी बायकांकडे पाहिले की लुगड्याची निरी, दंडावरचा काठ आणि चालीतला मोकळेपणा एकत्रच नजरेत भरतो. ठेवणीतल्या फोटोंपेक्षा ही चित्रे अधिक बोलकी आहेत, कारण त्यांतल्या काही बायका काम करीत आहेत.

चोळीचा वापर उतरला तो टप्प्याटप्प्याने. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकलेल्या घरांत लांब बाह्यांचे, कंबरेपर्यंतचे पोलके आले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी यांच्या छायाचित्रांत लुगड्याबरोबर असे अंगभर वस्त्र दिसते. नंतर झंपर आला. शिवणयंत्र घरोघर आणि शिंप्यांच्या दुकानांत पोचले, हूक-बटणे स्वस्त झाली आणि गाठ जुनाट वाटू लागली. मग गोल पाचवारी साडी आणि तिच्यासोबत बेतशीर ब्लाउज. पण ब्लाउजचे कापड, वायल किंवा टू-बाय-टू रुबिया, पातळ आणि सरळ कापलेले. त्यातून आधार मिळेना आणि आतले अंग दिसू लागले. ही गरज भरून काढायला बॉडी, म्हणजे आजची ब्रेसियर, आली. चोळीचे काम दोन कपड्यांत वाटले गेले. आधार देणारा कपडा आत गेला आणि दडवायची वस्तू झाला. दोरीवर वाळत घालताना तो टॉवेलखाली झाकायचा, ही शिकवण त्यानंतरची आहे. खणाची चोळी अंगणातल्या वलणीवर सगळ्यांदेखत वाळत असे.

पश्चिमेकडचा प्रवास उलट दिशेने झाला. तिथे शरीर आवळणारे कॉर्सेट आधीपासूनच आतले वस्त्र होते. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब हिने दोन रुमाल आणि फीत जोडून केलेल्या ब्रेसियरचे पेटंट १९१४ साली घेतले. दोन तुकडे आणि बांधायची टोके, म्हणजे गाठीच्या चोळीच्या बरीच जवळची कल्पना. पण पुढे ती मापांच्या दिशेने गेली. १९३२ मध्ये एस. एच. कॅम्प कंपनीने छातीच्या मापांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली, १९३८ मध्ये ड्यू पाँट कंपनीने नायलॉन जाहीर केले, आणि त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५८ मध्ये लायक्रा तयार झाले. आता घालणारी आपल्या मापाचा कपडा शोधू लागली. चोळीच्या काळी तिला तो शोधावा लागत नव्हता. पाचव्या-सहाव्या दशकांत गाजलेली गोल टाक्यांची टोकदार ब्रेसियर भारतीय बाजारातही सुती रूपात पुष्कळ चालली आणि जिल्ह्याच्या गावांतून ती मोठ्या शहरांपेक्षा अधिक काळ टिकली.

जुन्या धाटणीची ओढ जगभर आहे. १९९० च्या दौऱ्यात मॅडोनाने जाँ पॉल गॉल्तिएने बेतलेले टोकदार कॉर्सेट घातले आणि आजीच्या कपाटातला आकार रंगमंचावर आला. त्या ओढीत तिकडे परत येतो तो आकार, कापड नवेच असते. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत खणाची लाट आली ती नेमकी याच्या उलट. खणाच्या साड्या, ओढण्या, कुर्ते, बटवे, तोरणे, गणपतीच्या मखराचे पडदे यांनी बाजार भरला आणि सोलापूर-पुण्याच्या दुकानांत खणाला स्वतंत्र कप्पा मिळाला. मागणीतून विणकरांना काम मिळाले ही मोलाची गोष्ट आहे. पण चोळीचा काप या लाटेत कुठेच नाही. लावणीच्या पेहरावातही पुढची गाठ अनेकदा शोभेची असते, ती शिवूनच ठेवलेली आणि खरे बंद हुकांचे. आत आधुनिक ब्रेसियर असतेच. कापडाला वारसा म्हणून मान मिळाला. ज्या बेतणीसाठी ते कापड जन्मले ती मात्र नऊवारी नेसणाऱ्या मोजक्या म्हाताऱ्या बायकांच्या आणि त्यांच्या चोळ्या शिवणाऱ्या थोड्या हातांच्या भरवशावर राहिली आहे.

ही बेतणी पुन्हा वापरात आणायची तर पहिली अडचण कापडाचीच येते. बाजारातला बराचसा खण आज यंत्रमागावर, कृत्रिम धाग्याचा आणि साडीच्या रुंद पन्ह्याचा निघतो. त्यात सुताचा बाणा नसल्याने घाम टिपला जात नाही आणि तिरपे कापले तरी कापड अंगाशी धरत नाही. काठही साडीच्या हिशेबाने पडतो, त्यामुळे बाहीच्या कडेला तो आणायचा तर मधले पुष्कळ कापड वाया जाते. गुळेदगुड्डच्या हातमागावरचा अरुंद खण महाग पडतो, पण जुनी बेतणी जशीच्या तशी बसते ती त्यावरच.